न सुकणाऱ्या पानांचं वाडगं

"मी नाहीच म्हणणार होते."

पिंगखामचं हे वाक्य बान नासाक गावात लहानथोरांना पाठ होतं. कुणी तिच्याकडे काही मागायला यावं, तिने ते द्यावं, नेणाऱ्याची पाठ फिरावी, आणि मग तिने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून हे म्हणावं, असा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. ऐकायला तिथे कुत्रं असायचं, नाहीतर समोरची नदी. मागणाऱ्याच्या तोंडावर तिने ते कधीच म्हटलं नाही, आणि सगळी चूक तिथेच होती.

तिच्याकडे लोक मागायला यायचे ते तिच्या हातांचं काम. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान राहतात. ते प्राणच, पण मोठे भटके. माणूस लग्न करो, बाळंतीण होवो, तापातून उठो, परगावी निघो, ते घाबरून इकडेतिकडे पांगतात. मग बासी नावाचा विधी करायचा. पानाफुलांचं उंच वाडगं मधोमध मांडायचं, भोवती चिकट भात, उकडलेली अंडी, केळी आणि दारूची बाटली ठेवायची, सीफान काकांनी हाका मारमारून ख्वानांना त्या वाडग्याशी जेवायला बोलवायचं, आणि ते आले की माणसाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून त्यांना आत कोंडायचं. सीफान काका तरुणपणी विहारात भिक्षू होते. हाका मारायला त्यांच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता, आणि ख्वानांनी यावं असं वाडगं करायला पिंगखामसारखे हात नव्हते.

बासीच्या आदल्या दिवशी तिच्या खांबांवरच्या घराखाली, सावलीत, सात-आठ जणी जमायच्या. केळीची पानं पुसायची, पट्ट्या फाडायच्या, करंगळीएवढे शंकू वळायचे, ते एकात एक घालून टाचायचे. मध्ये कच्च्या पपईची कोशिंबीर व्हायची, इतकी तिखट की नाकं वाहायची, आणि तेवढ्या वेळात गावातली एकही गोष्ट बोलायची राहत नसे. पाच मजल्यांचं हिरवं शिखर उभं राहिलं की मजल्यामजल्यावर झेंडू आणि रुईची फुलं. तिसऱ्या दिवशी पानं काळवंडत. मग पिंगखाम एकटी बसून टाचण्या काढायची, पानं केळीच्या बुंध्याशी नेऊन ठेवायची आणि म्हणायची, "जेवण उरकलं. आता आपापल्या घरी जा." हे तिच्या आईने शिकवलेलं. पाहुणे कितीही लाडके असले तरी ताटं उचलल्याशिवाय उठत नाहीत, असं आई म्हणायची.

दीड वर्षापूर्वी तिचा एकुलता मुलगा सुलिया नदीपलीकडे थायलंडात, रायोंगच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला निघाला. वैशाखातले दिवस. त्याच्या बासीच्या दोन दिवस आधी गारांचा असा मारा झाला की गावातल्या केळीच्या पानांचे कंगवे झाले. बोटभर रुंद पट्टी निघेना. पिंगखाम थाखेकच्या बाजाराला गेली आणि प्लास्टिकच्या पानांच्या चार पिशव्या घेऊन आली.

हे सगळं खरं होतं. फक्त विहारामागे, ओढ्याच्या घळीत, दहा-बारा केळी वाऱ्याच्या आडोशाने धडधाकट उभ्या होत्या. तिची बालमैत्रीण चान्पेंग ते सांगायला मुद्दाम आली होती. पिंगखाम म्हणाली, त्या पानांवर बुरशी आहे. का म्हणाली ते तिने कुणाला सांगितलं नाही. या खेपेचं वाडगं तिसऱ्या दिवशी काळं पडलेलं तिला बघायचं नव्हतं, एवढंच.

ते प्लास्टिकचं पान कुठल्या झाडाचं, हे विकणारालाही सांगता येत नव्हतं. वरून मेणचट हिरवं, खाली पांढरं कापड, वास नव्या चपलेचा. वळायला गेलं की वळायचं, हात सोडला की पुन्हा सरळ. टाचणी लावली तर चर्रकन फाटायचं. सकाळभर झटापट केल्यावर पिंगखामने पान जमिनीवर आपटलं आणि शाळेतल्या बाईंकडून गरम गोंदाची ती पिस्तुलासारखी वस्तू मागून आणली. आईच्या चांदीच्या वाडग्याला गोंद लावायला मन धजेना, म्हणून तिने भाताचं पातेलं पालथं घातलं, त्यावर पिशवी गुंडाळली आणि माशाच्या खवल्यांसारखी पानावर पान चिकटवत बुडापासून काठापर्यंत पानांचंच वाडगं घडवलं. गोंदाचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे केसांत, भुवयांत अडकले. दोन बोटं भाजली. अंगठ्याची कातडी एका पानाला चिकटून तिथेच राहिली, आणि त्यावर तिने दुसरं पान लावून टाकलं. मग पाच मजली शिखर. संध्याकाळी पातेलं काढून घेतलं तेव्हा वाडगं आपल्या पायांवर उभं राहिलं. ते देखणं झालं होतं हे तिलाही नाकारता येईना, आणि त्याचाही तिला राग आला.

बासी झाली. सुलियाच्या दोन्ही मनगटांना कोपरापर्यंत दोरे बांधून झाले, तो गाडीत बसला, गेला. तिसरा दिवस उगवला. पानं जशीच्या तशी हिरवी. सोडायला टाचण्या नव्हत्या, होता तो गोंद. पिंगखामने वाडग्यावर पातळ पिशवी घातली, कपाटावर ठेवलं आणि ताट उचलण्याचे ते शब्द बोलायचे राहून गेले. राहून गेले असं ती मनाशी म्हणायची. कपाटाकडे बघितलं की पोराचा थोडा भाग घरातच आहे असं तिला वाटायचं, हे मात्र ती मनाशीही म्हणत नसे.

मग सुरू झाला तो छळ.

पहिली आली शेजारची मालाय. तिच्या बहिणीचं लग्न होतं. सात-आठ बायका गोळा करा, पानं आणा, पपई किसा, एवढा उपद्व्याप कशाला, तुमचं तयारच आहे की मावशी, असं म्हणून ती वाडगं काखोटीला मारून गेलीसुद्धा. तिच्यामागून तिचा चुलत सासरा आला. मग वरच्या आळीतले. मग मोटारसायकल घेतली म्हणून मोटारसायकलीची बासी करणारा एक जण. वर्षभरात सात घरं फिरून आलं ते वाडगं. परत यायचं तेव्हा त्याच्या अंगावर त्या घराची सारी हकिकत असायची. मेणाचे ओघळ, पानांच्या फटीत वाळलेला भात, एकदा अंड्याचं टरफल, एकदा तर आत मांजरीने रात्र काढलेली. पिंगखाम दात घासायचा ब्रश घेऊन तिसऱ्या पायरीवर बसायची आणि एकेक पान घासायची. धुताना मान आखडायची. ब्रशच्या तालावर तोंडाने चालायचं, मी नाहीच म्हणणार होते, मी नाहीच म्हणणार होते.

त्याहून वाईट म्हणजे घराखालची सावली रिकामी पडली. कुणाची सून माहेरी गेली, कुणी म्हैस विकली, हे तिला आता गावात सर्वांत शेवटी कळायचं. वाडगं न्यायला आलेला माणूस मोटारसायकलीचं इंजिनही बंद करत नसे.

सुलियाचा फोन दर रविवारी यायचा. आधी त्यात बर्फाच्या लाद्या असायच्या, खोलीतल्या सोबत्याचं घोरणं असायचं. मग हळूहळू शब्द कमी होत गेले. पावसाळा संपता संपता एका रविवारी तो म्हणाला, "आई, झोपच लागत नाही गं. महिने झाले. अंग इथं आहे, बाकीचा मी कुठंय कळत नाही."

पिंगखामने त्याला दारू कमी कर म्हणून सांगितलं, पोटभर जेव म्हणून सांगितलं, आईनं सांगायचं ते सगळं सांगितलं. फोन ठेवला. तिने कपाटाकडे पाहिलं. कपाटावर काही नव्हतं. वाडगं वरच्या आळीत, एका साठीच्या समारंभाला गेलेलं होतं. पोराचं नाव कुठेही न घेता तिने जे दीड वर्ष जपलं, ते लोकांकडे उसनं फिरत होतं, आणि परत येईल तेव्हा बहुधा त्याच्यावर मेण सांडलेलं असणार होतं.

ठिणगी पडली ती मालायच्या बाळामुळे. तान्हं पोर दिवसभर किरकिरायचं. सीफान काकांना दाखवलं तर त्यांनी त्याच्या महिन्याच्या बासीची चौकशी केली, वाडगं कुठलं होतं ते विचारलं, आणि काही विशेष न म्हटल्यासारखं म्हणून गेले की पान सुकतं तेव्हा ख्वानांना कळतं पंगत उठली. जे पान सुकतच नाही, तिथे ते बिचारे बसूनच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगखामच्या जिन्याशी अर्धं गाव. मालायचं म्हणणं, तिच्या बाळाचे ख्वान पानात अडकलेत. मालायच्या बहिणीचं म्हणणं, लग्न झाल्यापासून नवरा घुम्यासारखा बसतो, त्याचं कारण हेच. मोटारसायकलवाल्याची मोटारसायकल चढावर बंद पडत होती. साठीवाल्या आजोबांचं काही बिघडलं नव्हतं, पण बिघडेल म्हणून ते वाडगं घेऊन आधीच आले होते. प्रत्येकाने आपापल्या घरातलं काय काय वाकडं आहे ते त्या वाडग्यावर आणून ओतलं, आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, की मावशी, तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा.

पिंगखामचं डोकं फिरलं. न्यायला आलात तेव्हा यातल्या एकाने तरी विचारलं होतं का, की बाई, याच्या तिसऱ्या दिवसाचं काय, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं. पण हा प्रश्न विचारायचा पहिला मान तिचाच होता.

कुणी म्हणालं, जाळून टाका. सीफान काका जिन्याच्या सावलीत बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"पाहुणे आत असताना घर पेटवतात का कुणी?" ते म्हणाले. "लावलं तसं सोडवा. पान न् पान."

सोडवते, असं पिंगखाम म्हणाली. त्या दिवशी तिने सोडवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची मान दुखत होती. तिसऱ्या दिवशी तिला अचानक भाताची कोठी साफ करायची आठवण झाली. मालाय दर दोन तासांनी रडणारं पोर कडेवर घेऊन येऊन विचारायची, झालं का मावशी, आणि पिंगखाम कोठीतून केरसुणी आपटत सांगायची, होतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी चान्पेंग आली. न विचारता कोठीत शिरली आणि भाताच्या पोत्यावर बसली.

"ओढ्यामागच्या केळींना बुरशी नव्हती, पिंगखाम."

पिंगखाम झाडतच राहिली.

"मी गेले होते बघायला, त्याच दिवशी. पानं होती आरशासारखी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग उगाच तोंड कशाला वाजवायचं?" चान्पेंग म्हणाली. "आता वाजवते. तुझं पोर तिकडं अर्धं जगतंय, आणि इकडं मी तुझं झाडणं बघत बसलेय. ही कोठी गेल्याच आठवड्यात झाडलीस तू."

पिंगखामने केरसुणी ठेवली. इतकी वर्षं आपल्याला ओळखणारं माणूस गावात असावं, याचा तिला मनस्वी वैताग आला. मग तिने कपाटावरून वाडगं उतरवलं आणि ते छातीशी धरून जिना उतरली.

लावायला एक दिवस लागला होता. सोडवायचं म्हणजे निराळंच कर्म निघालं. गोंद दगडासारखा झाला होता. नखाने निघेना, गरम पाण्याने ढिम्म हलेना, सुरीने पान फाटायचं, पण जागा सोडायचं नाही. चान्पेंगने हाका मारून बायका गोळा केल्या, आणि ज्यांची ज्यांची बासी त्या वाडग्यात झाली होती त्या घरांतून एकेक जण आलंच, कारण आपले ख्वान दुसऱ्याच्या हाती सोडायची कुणाची तयारी नव्हती. नऊ जणी घराखाली गोल बसल्या. कात्री, चिमटा, केसांचा आकडा, जे सापडेल ते घेऊन झटायला लागल्या. तासाभरात चार पानं निघाली आणि दोघींची भांडणं झाली.

मग चान्पेंगच्या हातातला तांदळाच्या दारूचा पेला वाडग्यावर कलंडला, आणि गोंद दुधावरच्या सायीसारखा सुटा झाला. सगळ्या बघत राहिल्या. साठीवाल्या आजोबांकडे दारूचा अजून अर्धा डबा शिल्लक होता, तो मागवला. थोडी पानांवर, थोडी बायकांच्या पोटात, अशी ती वाटली गेली. पानं भराभर निघायला लागली. कुणीतरी पपई किसायला घेतली. मालायच्या बहिणीने सांगून टाकलं की नवरा घुमा नाही, त्याचे पुढचे दोन दात पडलेत म्हणून तोंड उघडत नाही. मोटारसायकलवाल्याच्या बायकोने सांगितलं की नवरा पेट्रोलच भरत नाही. एकेक पान सुटलं की बासी झालेल्या एकेकाच्या नावाने पिंगखाम म्हणत गेली, जेवण उरकलं, आता आपापल्या घरी जा. मालायच्या बाळाचं नाव घेतलं तेव्हा ते आईच्या मांडीवर झोपलेलं होतं. मालायने ते सगळ्यांना पुन:पुन्हा दाखवलं. दारूचा वास नाकात गेला असेल, असं चान्पेंग म्हणाली.

शिखर गेलं, काठ गेला, उरलं ते बूड. सर्वांत आधी लावलेली पानं. त्यांतलं एक उचकटलं तेव्हा खाली तिच्या अंगठ्याची ती कातडी दिसली, बिब्ब्याच्या बीएवढी, वाळून पिवळी झालेली. पिंगखाम थांबली. बाकीच्यांचं बोलणं चालू होतं. चान्पेंगने मुद्दाम आवाज चढवून म्हशीच्या व्यापाऱ्याची नक्कल सुरू केली, म्हणजे कुणी इकडे बघू नये.

जेवण उरकलं, एवढं पिंगखाम म्हणाली. पुढचे शब्द घशातून येईनात. तिने पान हातात फिरवलं. दीड वर्षात त्याच्यावर साधा डागही पडला नव्हता. मग तिला त्या पानाचा, त्या गोंदाचा, त्या बर्फाच्या कारखान्याचा आणि आपल्या घशाचा एकदमच राग आला.

"जा की आता," ती म्हणाली. "किती वेळ बसशील? तिकडं वाट बघतोय तो."

आणि पान ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेहमी फोन सुलियाचा यायचा, तो आला नाही. वाट बघून बघून भर दुपारी पिंगखामने स्वत:च लावला. घराखाली बायका पुन्हा जमल्या होत्या, सुट्या पानांचं काय करायचं याच्यावर वाद घालत. पलीकडून घोरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सोबत्याने फोन उचलला. तो हळू आवाजात बोलत होता.

"झोपलाय, मावशी. काल कामावरून आला तो आडवाच झाला. जेवायलाही उठला नाही. उठवू?"

"नको."

"महत्त्वाचं असेल तर..."

"उठवू नकोस म्हटलं ना," पिंगखाम म्हणाली.

तिने फोन ठेवला. दीड वर्ष एक रविवार चुकला नाही, आणि आज आईला बोलायचं होतं तर हा झोपला, असं ती मोठ्याने म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिचा आवाज रागाचा होता, पण ती डोळे पुसत होती. आणि डोळ्यांत पपईची मिरची गेली आहे हे तिने कुणी न विचारता सांगितलं.

तेवढ्यात मालाय उठली. पोर खांद्यावर, झोपलेलंच. ती म्हणाली, बाळाची बासी आता पुन्हा करायला हवी, परवाचा दिवस चांगला आहे, सीफान काकांनाही विचारलं. मग जरा घुटमळली.

"पण वाडगं तर आता राहिलं नाही, मावशी. तुम्ही एखादं..."

पिंगखामने मालायकडे पाहिलं, पोराच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, मग खांबात खोचलेला कोयता उपसला.

"मी नाहीच म्हणणार होते," ती म्हणाली. मालायच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत.

पिंगखामने डोक्याला टापशी गुंडाळली, चप्पल सापडेना म्हणून दोन वेगवेगळ्या घातल्या, आणि विहारामागच्या ओढ्याची वाट धरली. जाताना मागे न बघता तिने एवढंच सांगितलं की पानं पुसायला ओली फडकी लागतील, आणि परवाच्या बासीचं काम म्हटल्यावर उद्या सकाळी कुणी उशिरा आलेलं तिला चालणार नाही.

ती चालत गेली. कोयता हातात, एक पाय लाल चपलेत, एक निळ्या. घराखालून नऊ जणी मांडीवर प्लास्टिकची पानं घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या, आणि जिन्याच्या सावलीतून सीफान काका, सुपारी तोंडात तशीच धरून, ती घळीच्या केळींत दिसेनाशी होईपर्यंत.